हर्बेरियम शीटवरची जुनी लेबलं काढून नवीन छापील लावायची का? लेबलवर नेमकं काय काय हवं?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बॉटनीला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. दोन महिन्यांनी नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारी, टीम येणारे आणि हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदाच्या शीटवर लावलेल्या झाडांच्या संग्रहाचं, काम माझ्याकडे आलंय. लोखंडी कपाटात सहाशेच्या आसपास शीट्स आहेत, बहुतेक १९७० ते ९० मधल्या, आमच्या विभागात पूर्वी एक सर होते त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या. सर आता नाहीत. विभागप्रमुखांचं म्हणणं असं की सगळी लेबलं एकसारखी दिसली पाहिजेत, म्हणून जुनी काढायची आणि कॉलेजचा लोगो टाकून कम्प्युटरवर नवीन छापून चिकटवायची. स्टिकर पेपर पण आणून ठेवलाय.

मी काल पहिला गठ्ठा सोडला आणि हातच थांबला. सरांचं अक्षर इतकं सुंदर आहे की बघत राहावं, पण माहिती कुठे भरपूर तर कुठे जवळजवळ काहीच नाही. एका शीटवर नुसतं "आंबोली, ३/१०/७६" आणि खाली ११४३ असा नंबर, झाडाचं नाव अर्धवट. दुसरीवर फक्त "कुडा". चार-पाच शीट्सवर "खंडाळा" एवढंच. बऱ्याच नावांच्या बाबतीत शास्त्रीय नाव आता बदललंय, म्हणजे टाकळ्यावर अजून कॅसिया आहे आणि आपण सेना शिकवतो. मग नवीन लेबलवर जुनं नाव लिहायचं की आताचं, ३/१० म्हणजे तीन ऑक्टोबर की दहा मार्च, तो नंबर कसला, आणि मुळात जुनं लेबल काढायचं की नाही हेच मला कळत नाहीये. मला मनातून ते काढावंसं वाटत नाही पण प्रमुखांना सांगायला कारण पाहिजे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

जुनी_वही

ताई, आधी एक काम करा, तो स्टिकर पेपर कपाटात कुलूप लावून ठेवा. जुनं लेबल काढायचं नाही, कधीच नाही, कितीही फाटलेलं असू दे, चुकीचं असू दे. मी एका मोठ्या हर्बेरियमला तीस वर्षं होतो, आता रिटायर आहे, आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायचो.

कारण सांगतो. वाळलेलं झाड तुम्हाला पान किती लांब, केसर किती, लव आहे का हे आजही दाखवेल, हवं तर पन्नास वर्षांनी दाखवेल. पण ते कुठे उगवलं होतं, कधी, कोणी तोडलं, हे त्या झाडात कुठेच नाही. ते फक्त त्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठी गेली की शीट म्हणजे वाळलेला पाला. नाव चुकलं तरी चालतं हो, नाव उद्या कुणीही झाड बघून दुरुस्त करेल, जागा आणि तारीख मात्र झाड बघून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून लेबलात सगळ्यात महत्त्वाचं काय असं कुणी विचारलं तर लोक शास्त्रीय नाव म्हणतात, मी जागा, तारीख, गोळा करणारा आणि त्याचा नंबर हे चार म्हणतो.

तुमच्या "खंडाळा"वरून आठवलं. एका ठिकाणी असंच सुशोभीकरण झालं होतं, जुनी लेबलं टाईप करून नवीन लावली. टाईप करणाऱ्याने चांगल्या मनाने पत्ता पूर्ण केला, खंडाळा दिसलं की पुढे ता. मावळ, जि. पुणे. आता गोळा करणारा माणूस होता वाईकडचा आणि त्याचा खंडाळा म्हणजे सातारा जिल्ह्यातला खंडाळा तालुका. जुनी लेबलं फेकून दिलेली, त्यामुळे कुठल्या शीट कुठल्या खंडाळ्याच्या हे आज देवालाही सांगता येणार नाही. एक घाटमाथा, धो धो पाऊस, दुसरा बराच कोरडा. त्या शीट्स घेऊन कुणी त्या झाडाच्या प्रसाराचा नकाशा केला असेल तर तो चुकलाच. तुमच्या शीट्स साताऱ्यातल्याच कॉलेजच्या आहेत, तेव्हा तुम्ही तर डोळ्यांत तेल घालून बघा.

आता करायचं काय. जुनं लेबल जिथे आहे तिथेच राहील. नाव बदललं असेल तर वेगळी छोटी चिठ्ठी लावायची, आम्ही तिला डिट स्लिप म्हणायचो. तिच्यावर आताचं शास्त्रीय नाव, ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावासकट, ओळखणाऱ्याचं म्हणजे तुमचं पूर्ण नाव, आणि वर्ष. बास. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाचं मत वेगळं पडलं तर त्याने त्याची चिठ्ठी तुमच्या चिठ्ठीच्या वरच्या बाजूला लावावी, तुमची झाकू किंवा काढू नये. पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये किंवा मुंबईला ब्लाटर हर्बेरियममध्ये कधी गेलात तर बघा, एकेका शीटवर तीन तीन चार चार चिठ्ठ्या असतात, शंभर वर्षांत कोणी काय म्हटलं ते सगळं एका कागदावर. नॅकवाल्यांना तेच दाखवा. ज्याला विषय कळतो तो एकसारखी लेबलं बघून नाही, हे बघून मान डोलावेल.

११४३ हा बहुतेक तुमच्या सरांचा कलेक्शन नंबर. शिस्तीचा माणूस पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत एकच क्रम चालवतो, नंबर परत वापरत नाही. असा नंबर आहे म्हणजे कुठेतरी फिल्ड बुक किंवा रजिस्टर असणारच. विभागात शोधा, नसेल तर सरांच्या घरी विचारा. शीटवर दोन शब्द असतील पण वहीत दहा ओळी असतात.

आणि हो, हात धुवा. त्या काळात शीट्सना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड स्पिरिटमध्ये कालवून झाडं त्यात बुडवायची पद्धत सर्रास होती. ते जात नाही, पन्नास वर्षांनीही तिथेच असतं. हातमोजे घाला, त्याच टेबलावर डबा खाऊ नका, आणि कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात विषारी असं लिहून लावा. त्या कपाटाला सगळ्यात आधी लागायला हवं होतं ते लेबल हेच.

सडावासी

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त नवीन कलेक्शनबद्दल लिहितो कारण तुमची मुलं या पावसाळ्यात काही ना काही आणणारच. माझं पीएचडीचं काम सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आहे त्यामुळे दरवर्षी तीनचारशे नंबर होतात.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, हे झाड वाळल्यावर यातलं काय नाहीसं होणारे? ते आधी लिहायचं, तिथेच उभं राहून, घरी आल्यावर नाही. फुलाचा रंग जातो, तेरड्याची गुलाबी फुलं आठवड्यात तपकिरी. वास जातो. चीक पांढरा होता का पाण्यासारखा ते कळत नाही. झाडाची उंची जाते, कारण शीट ४२ बाय २८ सेंटीमीटरची आणि झाड वीस फुटी, फांदी बघून वृक्ष होता का झुडूप हे कसं कळणार. शेवळ्यासारखं काही असेल तर कंद किती मोठा होता ते लिहा, कंद काही शीटवर बसत नाही. आजूबाजूला काय होतं तेही लिहा, उघडा कातळ, भातखाचराचा बांध, देवराईतली सावली, ओढ्याचा काठ.

जागा लिहिताना गाव, तालुका, जिल्हा तिन्ही. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजायला बसू नका. "कॉलेजमागची टेकडी" असं लिहिलेली शीट मी पाहिलीये, कॉलेजचं नाव नाही. मुलांना ती टेकडी रोजची असते पण शीट दुसऱ्या गावी गेली की काय? जीपीएस असेल तर उत्तमच, मोबाईलवर मिळतं, दशांश चिन्हानंतर चार आकडे पुरे, त्याने साधारण अकरा मीटरपर्यंत जागा कळते. त्याहून जास्त आकडे ॲप दाखवतं पण तेवढी अचूकता मोबाईलला नसते. अक्षांश आधी, रेखांश नंतर, आणि उत्तर पूर्व अक्षरं लिहाच. आमच्या एका मुलाने उलट लिहिलं होतं, आंबोली १६ आणि ७४ च्या आसपास आहे, उलट केलं की नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. आकडे असले तरी गावाचं नाव सोडायचं नाही, आकड्यातली चूक गावामुळेच पकडता येते.

तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची जुनी पद्धत आहे ती फार चांगली, ३-X-१९७६, मग घोळच नाही. आणि साल पूर्ण चार आकडी. तारीख म्हणजे फॉर्मॅलिटी नाही हो, कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, कुठल्या डोंगरावर कोणत्या साली फुलली होती ते जुन्या शीटवरच्या तारखांवरूनच लावता येतं.

एक गोष्ट मात्र लपवायची. कंदीलपुष्पं, काही आमऱ्या म्हणजे ऑर्किड, असलं दुर्मिळ काही असेल तर अचूक जागा फिल्ड बुकात पूर्ण लिहा, पण प्रदर्शनात मांडायच्या किंवा फेसबुकवर टाकायच्या फोटोतल्या लेबलावर नको, तिथे तालुका पुरे. लोक कंदासकट उपटून नेतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या जागेवर पुढची दोन वर्षं एकही झाड आलं नाही. अभयारण्यात गोळा केलं असेल तर वनखात्याच्या परवानगीचा नंबर पण नोंदवून ठेवा.

बरणीवाला

मी झूऑलॉजीचा लॅब असिस्टंट, बावीस वर्षं झाली. झाडांचं मला नाही कळत पण लेबल कशावर आणि कशाने लिहायचं ते सांगतो कारण त्याच्यात आमचं फार नुकसान झालंय.

आमच्याकडे बरण्यांना बाहेरून लेबल होती गमाने चिकटवलेली, छान छापील. एका पावसाळ्यात ओल आली, काही सुटून खाली पडली, काही कसरीने खाल्ली, सकाळी कपाट उघडलं तर खाली नऊ लेबलं आणि वर नऊ बरण्या, कुठलं कुठल्याचं कुणालाच सांगता येईना. त्यातले सहा बेडूक होते, बेडूक बेडूक सारखेच दिसतात फॉर्मलिनमध्ये, रंग सगळ्यांचा तोच मातकट. शेवटी "बेडूक, जागा अज्ञात" असं लिहून ठेवलं, अजून तसेच आहेत. ते बघितलं की मला अजून वाईट वाटतं कारण त्यातले दोन मीच एका मास्तरांबरोबर रात्री बॅटरी घेऊन फिरून आणले होते.

तेव्हापासून चिठ्ठी बरणीच्या आत. जाड कागद, शिसपेन्सिल किंवा चांगली इंडियन इंक पूर्ण वाळवून. बॉलपेन स्पिरिटमध्ये उतरतं, जेलपेन तर तासात जातं. लेझर प्रिंट कोरड्याला ठीक पण स्पिरिटमध्ये काही दिवसांनी अक्षरं सुटून तळाशी काळी पूड साठलेली मी बघितलीये. आणि चिठ्ठीवर द्रव कोणता ते पण लिहायचं, १० टक्के फॉर्मलिन का ७० टक्के अल्कोहोल, आणि शेवटचं कधी बदललं. हल्ली डीएनएचं काम करणारे येतात ते पहिलं हेच विचारतात, फॉर्मलिनमधल्यातून डीएनए काढणं फार अवघड जातं म्हणे.

तुमच्या शीटला पण ताई, स्टिकर नकोच, त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि सुटतो. सेलोटेप तर हातातच घेऊ नका, डाग पडतो तो जन्मात जात नाही. बिलाच्या कागदासारखं जे थर्मल प्रिंट असतं त्याचे स्टिकर पण कोणी सुचवतील, कोरे होतात ते. साधा चांगला ॲसिड नसलेला कागद आणि लेझर प्रिंट, नाहीतर इंडियन इंकने हाताने.

काढा_आणि_कषाय

कुड्याचं वाचलं म्हणून लिहितेय. मी आयुर्वेदाची, द्रव्यगुण म्हणजे औषधी द्रव्यांच्या विषयात पीजी करतेय. आमच्याकडे हा रोजचा घोळ आहे. पांढरा कुडा म्हणजे होलॅर्‍हेना, ज्याची साल अतिसारावर वापरतात तो कुटज. काळा कुडा आणि तांबडा कुडा दोन्ही राइटिया. तिघांची फुलं पांढरट किंवा पिवळसर असू शकतात, तिघांना चीक, आणि बाजारात कुटजाच्या नावाने राइटियाची साल विकली जाते ही जुनी तक्रार आहे. म्हणजे नुसतं "कुडा" लिहिलेली शीट औषधाच्या कामात पुरावा म्हणून कुठेच चालणार नाही. तसंच ब्राह्मी, कोणी बाकोपाला म्हणतं कोणी सेंटेलाला, आपल्याकडे कोकणात सेंटेलाला कारिवणा पण म्हणतात.

पण म्हणून स्थानिक नाव लेबलवरून काढून टाकू नका हं, उलट नीट लिहा. कोणत्या गावात, कोणत्या समाजातल्या माणसाने ते नाव सांगितलं, ते झाडाचा कोणता भाग कशासाठी वापरतात. नाव देवनागरीत लिहा, कारण रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न एकच होतात आणि वीस वर्षांनी कोणालाच उच्चार कळत नाही. शास्त्रीय नाव रोमनमध्ये, स्थानिक नाव देवनागरीत, एकाच लेबलवर दोन्ही छान बसतं. आमच्या प्रबंधात तर औषधी झाडाची शीट हर्बेरियमला जमा करून तिचा नंबर लिहावाच लागतो, तो नंबर नसेल तर पेपर परत येतो. उद्या तुमच्या शीटचा नंबर कोणी प्रबंधात देईल आणि तुम्ही लेबल बदलताना नंबर बदललेला असेल तर त्या माणसाचं काम लटकलं.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं प्रिंट काढून प्रमुखांना दाखवलं. खंडाळ्याची गोष्ट वाचून ते जरा गप्प बसले आणि मग म्हणाले की जुनं राहू दे, पण शेजारी नवीन लावा. म्हणजे मला जे हवं होतं तेच झालं. हातमोजे पण आले.

आंबोलीच्या शीटसाठी मी चिठ्ठी अशी केलीये, बघा बरोबर आहे का. वर कॉलेजचं नाव आणि लोगो, मग शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया पर्प्युरॅसेन्स, कुळ, स्थानिक नाव सीतेची आसवं, ठिकाण आंबोली ता. सावंतवाडी जि. सिंधुदुर्ग, उंची ७०० मी, तारीख ३ ऑक्टोबर १९७६, गोळा करणारे म्हणून सरांचं नाव, नंबर ११४३. ऑक्टोबर मी असं ठरवलं की सीतेची आसवं पाणथळ कातळावर पावसाळ्यातच येतात, दहा मार्चला सडा कोरडा ठणठणीत असतो, तिथे फुलावर कुठून मिळणार.

जुनी_वही

ताई, तर्क एकदम पक्का आहे, पण तो सरांचा नाही, तुमचा आहे. सरांनी जे लिहिलं ते आणि तुम्ही जे काढलं ते, दोन्ही एकाच ओळीत मिसळलं की पुढच्याला वाटेल सगळं सरांनीच लिहिलं. म्हणून चौकटी कंसात टाका, [ऑक्टोबर, फुलोऱ्यावरून], आणि खाली तुमचं नाव आणि चालू साल. उंचीचंही तेच. ७०० हा आंबोली गावाचा साधारण आकडा, सर त्या दिवशी कुठल्या टेकाडावर उभे होते ते आपल्याला माहीत नाही. ती कंसातसुद्धा नको, सोडून द्या. मोकळी जागा मोकळी राहिली तर काही बिघडत नाही.

जिल्हा बघा. १९७६ ला सिंधुदुर्ग नव्हता, तो १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. जुन्या लेबलवर रत्नागिरी असेल तर तसंच राहू दे, तुमच्या चिठ्ठीवर "आताचा जि. सिंधुदुर्ग" असं लिहा. तुमच्याकडे पालघरच्या शीट्स असतील तर जुन्यावर ठाणे दिसेल, नंदुरबारच्या असतील तर धुळे. चुकीचं म्हणून खोडू नका, त्या दिवशी तेच बरोबर होतं. लोगो लहान करा, लेबल १२ बाय ८ सेंटीमीटरचं, त्यात पाव जागा लोगोने खाल्ली तर परिसर लिहायला उरत नाही. आणि रजिस्टर शोधलं का?

सडावासी

आणि युट्रिक्युलेरियाची जात चिठ्ठीवर लिहिण्याआधी भिंगाखाली बघून घ्या ताई, आंबोलीला त्यांच्या बऱ्याच जाती आहेत आणि वाळल्यावर फसवतात. खात्री नसेल तर नुसतं युट्रिक्युलेरिया लिहिलं तरी चालतं, पुढचा माणूस पूर्ण करेल.

रानजाई

काका, रजिस्टर सापडलं!! विभागात नव्हतं, सरांच्या घरी फोन केला तर त्यांच्या मुलीने माळ्यावरच्या पेटीतून काढून दिलं, स्वतः आणून दिलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, पहिल्या नंबरापासून दोन हजार कितीतरीपर्यंत. ११४३ उघडलं तेव्हा हात थरथरत होते माझे खरंच. त्यात लिहिलंय, हिरण्यकेशीच्या वाटेवर, ओल्या कातळावर, गवतात, फुलं निळसर जांभळी, घशाशी पांढरं, भरपूर. ११३८ ला तारीख २ ऑक्टोबर, ११५० ला ४ ऑक्टोबर, म्हणजे तीन ऑक्टोबरच. आता कंसात "फुलोऱ्यावरून" ऐवजी "रजिस्टरवरून" लिहिते. जात मात्र भिंगाखाली बघितल्यावर माझी मलाच खात्री वाटेना, म्हणून नुसतं युट्रिक्युलेरिया ठेवलंय.

आणि खंडाळा! पाचपैकी तीन नंबरांसमोर वहीत "खंबाटकीच्या पायथ्याशी" लिहिलंय, म्हणजे आपला साताऱ्याचा. उरलेल्या दोघांसमोर फक्त "खंडाळा, रेल्वेने", ते मावळातलं असणार असं मला वाटतं, पण चिठ्ठीवर वहीतले शब्द जसेच्या तसे लिहिलेत आणि माझा अंदाज कंसात. कुड्याचा नंबरच शीटवर नाहीये, तो वहीत शोधायला वेळ लागेल. आतापर्यंत एक्केचाळीस शीट्स जुळल्या. मध्ये काही पानं वाळवीने गेलीत, ते नंबर मी वेगळे लिहून ठेवलेत.

जुनी_वही

फार चांगलं झालं ताई. आज घरी जायच्या आधी त्या रजिस्टरच्या एकूण एक पानाचे फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, आणि एक प्रत सरांच्या मुलीला पाठवा. मूळ वही शीट्सच्या कपाटात ठेवू नका, वाळवी लागली तर दोन्ही एकदम जायचं. आणि खाल्लेल्या पानांचे तुकडे पेटीत तळाशी पडलेत का ते त्यांना बघायला सांगा, झाडूने काढायच्या आत.